मोडकं तेवढं माझं

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी उभ्या जन्मात धड म्हणावी अशी एकही वस्तू स्वतःसाठी घेतलेली नाही, हे मी देवापुढं उभं राहून सांगायला तयार आहे. घरात आम्ही त्यांना अक्का म्हणतो. टोपलीत दहा भाकरी असल्या तर अक्कांचा हात बरोबर चिरलेल्या भाकरीवर पडणार. पेरूंच्या ढिगातला पोपटानं टोचलेला पेरू त्यांना लांबूनच ओळखू येतो. पूर्वी कारखान्यातून सेकंडच्या चादरी, म्हणजे विणीत दोष राहिलेल्या, घरी यायच्या. त्यातही बऱ्यातली बरी पाव्हण्याला आणि एका पायाच्या मोराची अक्कांना. "पांघरल्यावर मोर काय चालायचाय व्हय?" हे त्यांचं त्यावरचं मत. एस्टी अख्खी रिकामी असली तरी त्या फाटक्या सीटवर बसतात, चांगल्यावर कुणीतरी बसंल की, म्हणून. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानात अख्खा पापड पडला, तर तो त्यांनी शेजारच्या बाईच्या तुटक्या पापडाशी बदलून घेतला. ती बाई मुलीकडची होती, आमच्या ओळखीचीही नव्हती.

तर अशा बाईला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून त्यांच्या नातीनं आम्हा दोघींना होटगी रस्त्यावरच्या पिझ्झाच्या हॉटेलात नेलं. लई हौशी पोरगी. मी मात्र मनाशी ठरवूनच गेले होते, की आज अक्कांनी एक तरी धड तुकडा खायचा.

पिझ्झा आला. परातीएवढा गोल, आठ तुकडे केलेले आणि आठही सारखे. अक्कांनी चष्मा पुसला. पिझ्झा सावकाश फिरवून बघितला, एक फेरी, मग दुसरी. लहान नाही, करपलेला नाही, वाकडा नाही. सासूबाईंसमोर न डगमगलेली बाई, पण तिथं मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. शेवटी वेटरला हाक मारून म्हणाल्या, "दादा, ह्यातला मोडका कुठला?"

त्याला वाटलं, तक्रार आहे. "एकबी मोडलेला न्हाय, आजी. पायजे तर बदलून देतो."

"न्हाय रं बाबा, समदं चांगलंच हाय. त्येच तर म्हंते."

"आजी, खा की! गार व्हायलंय," म्हणत नातीनं आपला तुकडा ओढला. त्याबरोबर शेजारच्या तुकड्यावरचं सगळं चीज लांब तार काढत तिच्याकडं गेलं आणि खाली नुसती बोडकी भाकरी राहिली. अक्कांचा चेहरा उजळला, हात निघाला. पण मी टपूनच होते. तो बोडका तुकडा उचलला आणि सरळ तोंडात कोंबला. जीभ पोळली, पण सोडला नाही.

"आगं, त्यो माझा!" अक्का ओरडल्या. आसपासची माणसं वळून बघायला लागली. एखाद्या गोष्टीला त्या माझं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही बोडक्या तुकड्याला. "हे मोडकं खायचं तुला कुणी शिकवलं गं?"

"तुमीच की," मी म्हटलं.

जेऊरहून लग्न होऊन आले, तेव्हा माझी एकही भाकरी तव्यापर्यंत धड पोचत नसे. सासूबाई पानावर बसायच्या आत अक्का टोपली उपसून माझ्या सगळ्या चिरलेल्या भाकरी आपल्या ताटात घ्यायच्या. सासूबाई वर्षभर गल्लीत सांगत होत्या, धाकटीचा हात चांगला आहे. पुढं माझा हात खरंच बसला. अक्कांची सवय तेवढी तशीच राहिली.

मग अक्कांनी एक चांगला तुकडा घेतला. टोकाकडून, बारीक घासांनी, गुमान खाल्ला.

"कसा लागला?" मी विचारलं.

"चांगलाय की," त्या म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना असाच लागतो व्हय गं?"

"व्हय, अक्का."

त्यांच्या ताटात कडक काठ उरला होता. तो मी उचलला. त्यांनी बघितलं, आणि हात पुढच्या धड तुकड्याकडं नेला.