मिरच्यांचा ठसका

सुनेनं आज नातवाची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका घरभर उठला अन् मला मुखेडची आमची शेजारीण, शेवंतामावशी आठवली. तिचा बालाजी फौजेतून रिटायर होऊन आता शेती करतो. भेटला की रामराम घालतो. मान मीच खाली घालतो.

तेव्हा तो दूर बर्फाच्या डोंगरात लढत होता अन् इकडं निवडणूक लागली होती. उमेदवारानं मावशीला सभेत स्टेजवर बसवून शाल घातली. माइकवाला ओरडला, "जवान बालाजी!" शहिदांच्या घोषणा देऊन देऊन जिभेला वळण पडलेलं. आम्ही गरजलो, "अमर रहे!"

"वो दादा, जिता हाय माझा लेक!" मावशी हात हलवत राहिली. भोंग्यापुढं तिचं कोण ऐकणार? उमेदवारानं तर डोळे पुसले. आमची मतं तिथंच ठरली.

संध्याकाळी तिच्याकडं गेलो. बालाजीच्या फोटोवरून ओवाळलेल्या मिरच्या तिनं चुलीत टाकल्या. त्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका उठेना. दृष्ट जबर असली की उठत नाही म्हणतात.

"कोणाची लागली एवढी?" मी विचारलं.

चुलीतून नजर न काढता ती म्हणाली, "तुमची समद्यांची."