भुंड्याची शिंगं

"कडी लावली गं!"

रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून ही आरोळी जाते, आणि हातात काहीही असलं तरी मला आतून "ऐकलं!" म्हणून ओरडावं लागतं. त्याशिवाय आत्याबाई पुढे हलत नाहीत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी एकदा गप्प राहून पाहिलं होतं. तर खिडकीतून डोकं आत घालून त्या म्हणाल्या, "शहरात कानात लोकर भरतात वाटतं?"

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणतात, "पसंत होता एक. पण त्याला लोकरीनं शिंका यायच्या." जन्म याच घरात, याच मेंढ्यांत गेला. माझे सासरे वारले तेव्हा भावाच्या वस्तूंतलं त्यांनी काहीच मागितलं नाही, फक्त गमबूट घेतले. ते त्यांना चांगलेच मोठे होतात, म्हणून पुढे लोकर कोंबून घालतात. चालताना फटक फटक वाजतात, त्यामुळे आत्याबाई कुठे आहेत हे घरात कुणाला विचारावं लागत नाही.

आमचं काही मोठं प्रकरण नाही. एक कुरण, एक गोठा, एक कुत्रं, हाताला ओळखू येतील एवढ्या मेंढ्या, आणि आम्ही तिघं. पण पानगळीच्या शेवटी कामातून उसंत नसते. सकाळी धुक्यात गवताच्या पेंढ्या टाकायच्या, पाण्याच्या टाकीवरचा बर्फाचा पापुद्रा फोडायचा, एकेक मेंढी धरून खुरं कापायची, दात बघायचे, कुठली थंडी काढेल आणि कुठली नाही ते ठरवायचं. मेंढी धरावी तर आत्याबाईंनी. एक हात हनुवटीखाली, एक मांडीमागे, गुडघ्याचा जरासा टेका, की मेंढी ढुंगणावर बसून गुमान समोर बघते. मी पहिल्यांदा धरली तेव्हा मेंढी उभी होती आणि बसले मी होते. मला हसू आलं, त्यांना नाही. मी उलटून काही बोलले की त्यांचं ठरलेलं वाक्य, "सूनबाईला शिंगं फुटली बरं का!"

शिंगांचं सांगायलाच हवं. मेंढा आमच्याकडे एकच, त्याचं नाव भुंड्या, कारण त्याला शिंगं नाहीत. त्याच्या जातीलाच नसतात. डोकं कसं, तर धुतलेल्या बटाट्यासारखं. ही निवड आत्याबाईंचीच. फार पूर्वी इथे शिंगांचा मेंढा होता. एका वादळात तो कुंपणाच्या तारेत शिंगं अडकवून बसला आणि सकाळी मान मोडलेला सापडला. तेव्हापासून त्यांचा हुकूम, "या घरात शिंगं असली तर सुनेला असोत, मेंढ्याला नकोत."

भुंड्या एरवी कळपापासून वेगळा, स्वतःच्या कुंपणात असतो. मेंढी विते पाच महिन्यांनी. म्हणून अंगणातलं अक्रोडाचं झाड पार उघडं पडल्यावरच त्याला कळपात सोडायचं, म्हणजे कोकरं येतील तेव्हा ऊन आलेलं असतं, गवत फुटलेलं असतं. घाई झाली तर पोरं गोठलेल्या जमिनीवर पडतात. आयांना हिरवं मिळत नाही, दूध उतरत नाही. आत्याबाई तरुण असताना एका साली तसं झालं होतं. त्या सालाबद्दल त्या एवढंच सांगतात की शेगडीभोवती ठेवलेली कोकरं एकेक करून गप्प होत गेली. भुंड्याच्या फाटकाची कडी त्या दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत ती यासाठी.

गेल्या वर्षापासून काहीबाही चाललं होतं. चहात मीठ पडलं, तेव्हा आम्ही हसलो. आत्ताच्या कुत्र्याला त्या मेलेल्या कुत्र्याच्या नावानं हाका मारायला लागल्या. कुत्रं बिचारं दोन्ही नावांना शेपूट हलवतं. एकदा खुरं कापायची कात्री हातात धरून त्यांनी मला विचारलं, "ही कशाची गं?" आणि मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "चेष्टा केली." म्हणी मात्र सगळ्या शाबूत. बोलताना म्हण अशी चपखल घालायच्या की मला वाटायचं, छे, या बाईला काय झालंय!

मग ती सकाळ आली. अक्रोडावर अजून निम्मी पानं होती. मी खुराकाची बादली घेऊन निघाले, तर भुंड्याचं फाटक सताड उघडं. धुकं जरा हललं तेव्हा नवरदेव दिसला. कळपाच्या मधोमध उभा, मान ताठ, नाकातून वाफ निघतेय. भोवती मेंढ्या शांतपणे चरत होत्या. मी बादली खाली ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. माझा आवाज ऐकूनच तो एका पायात बूट घालून धावत आला.

भुंड्याला आत कोंडलं. पण कुठल्या मेंढीला फळवलं ते कळायला मार्ग नव्हता. एरवी आम्ही सोडण्याआधी त्याच्या छातीला गेरू फासतो, म्हणजे जिच्यावर तो चढतो तिची पाठ लाल होते. या खेपेला सगळ्या पाठी जशाच्या तशा. आणि गेले काही दिवस कळप माजावर होता. जनावरांचे डॉक्टर येऊन फिरून गेले. "मेंढ्यानं त्याचं काम केलं," ते म्हणाले. "आता सगळ्या कळपाला गाभ पाडायच्या सुया टोचत बसलात तर आहेत त्याही गमवाल. थांबा." काय करायचं असं मी विचारलं, तर गाडीत बसता बसता म्हणाले, "गोठा उबदार ठेवा. बाकी आपल्या हातात काय असतं?"

स्वयंपाकघरात नवऱ्यानं विचारलंच. ओरडला नाही, पण ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आत्या, काल फाटक कुणी लावलं?"

"मी. दुसरं कोण लावतं?"

"मग उघडं कसं राहिलं?"

"मी लावलं होतं."

"हिलाच विचार, काल तू हाक मारलीस का ते."

मी काल हाक ऐकली होती. "ऐकलं" म्हणूनही ओरडले होते. पण हाक म्हणजे कडी नव्हे, हे त्या क्षणी आम्हा तिघांनाही कळलं. आत्याबाईंनी कप खाली ठेवला. "अरे, हे असं," म्हणत त्यांनी उजवा हात उचलला आणि हवेत कडी लावून दाखवायला लागल्या. कडी वर उचलायची, पुढे न्यायची, खांबावरच्या आकड्यात सोडायची. हात वर गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा उचलला. पुढे कुठे न्यायचा ते त्या हाताला आठवेना.

मला ते बघवेना. तोंडाला आलं ते बोलून गेले, "अहो, कडी भुंड्यानंच उचलली असेल. शिंगानं."

बोलले आणि जीभ चावली. भुंड्याला शिंगं! आता आत्याबाई खो खो हसतील, "तुझी दिलीस वाटतं त्याला?" म्हणतील, आणि पुढची दहा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगून माझं हसं करतील, म्हणून मी वाट बघत राहिले. मनापासून वाट बघत होते.

त्यांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शिंगंच तशी आहेत मेल्याची."

नवरा तोवर रागात होता. आता त्यानं आत्याबाईंचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मी उठून भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी होती ती.

दुपारी नवऱ्यानं फाटकाला कुलूप आणून लावलं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "बैल गेला नि झोपा केला." म्हण बरोबर, प्रसंग बरोबर, फक्त भुंड्याचं डोकं समोर उघडंबोडकं दिसत असून त्यांच्या लेखी त्यावर शिंगं होती. किल्ली माझ्याकडे आली. सासुरवासात मी कितीदा मनात म्हटलं असेल की या बाईचा कारभार एकदा माझ्या हातात येऊ दे. आला तो असा. संध्याकाळी त्या कडी लावून हाक मारायच्या, मी "ऐकलं" म्हणायची, आणि त्या आत जाऊन बूट काढेपर्यंत मागच्या दारानं जाऊन कुलूप घालून यायची. चोरासारखी.

त्या मात्र खुशीत होत्या. लोकर न्यायला आलेल्या माणसाला त्यांनी शिंगांची गोष्ट सांगितली. त्यानं भुंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "हल्लीचे मेंढे फार हुशार" म्हणाला. मी त्याला चहाबरोबर जास्तीचं बिस्कीट दिलं.

अक्रोडाचं शेवटचं पान गळालं. आत्याबाईंनी कुणी न सांगता जुन्या डब्यात तेलात गेरू कालवला आणि भुंड्याच्या कुंपणात गेल्या. राहिलेल्या मेंढ्यांसाठी त्याला सोडायचंच होतं, म्हणून मीही मागोमाग गेले. छाती फासून झाली. हात पुसायला काही नव्हतं म्हणून त्या लाल हातानंच त्याचं डोकं खाजवत उभ्या राहिल्या. कपाळावरून मागे, कानांपर्यंत. मग पुन्हा. तिसऱ्यांदा हात सावकाश फिरला.

"सूनबाई, याला शिंगं नाहीत."

मी गेरूचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"कधीच नव्हती. मीच भुंडा आणायला लावला होता." त्या फाटकाकडे बघत होत्या. कडी बघितली, तिच्याखालचं कुलूप बघितलं. "मग ती... म्हणजे मीच गं."

"आत्याबाई, जाऊ दे ना."

"थंडीत येतील."

"हो."

"मरतील गं पोरं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "सांगायचं नाहीस होय मला?"

एरवी माझी जीभ दोन घरं पुढे धावते. त्या वेळी मी त्यांचे हात माझ्या ओढणीला पुसले, एवढंच केलं. त्या संध्याकाळी खिडकीखालून हाक आली नाही. मी दोनदा बाहेर जाऊन आले. त्या पलंगाच्या कडेला गमबूट घालूनच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "किल्ली जपून ठेव हं. मेला शिंगानं कडी उचलतो."

मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. देव मला माफ करो, पण सुटल्यासारखं जास्त वाटलं.

पण ते एवढ्यावर भागलं नाही. भुंड्या दिवसा कळपात असतो, संध्याकाळी खाऊपिऊ घालायला त्याला परत आत घेतो. आधीच गाभण झालेली मेंढी त्याला जवळ येऊ देत नाही, त्यामुळे गेरू लागतो तो फक्त राहिलेल्यांना. म्हणजे जिची पाठ लाल, तिचं कोकरू उन्हात येणार. जिची पाठ कोरी, तिचं थंडीत. आमच्या कुरणात सकाळी बघावं तर लाल पाठ शोधावी लागते. आणि हे वाचायला आत्याबाईंना कुणी शिकवावं लागत नाही. त्या कुंपणाशी उभ्या राहून म्हणतात, "पाठी अशा कोऱ्या कशा गं सगळ्यांच्या?" मी म्हणते, "भुंड्या सुटला होता ना मागे, शिंगानं कडी उचलून." कधी त्या "मेला" म्हणून पुढे जातात. पण कधी संध्याकाळी कडी लावताना त्यांचा हात त्याच्या डोक्याकडे जातो, तिथे फिरत राहतो, आणि मी लांबूनच ओळखते की आता कळणार. मग तेच सगळं. "याला शिंगं नाहीत." "म्हणजे मीच." "मरतील गं." आणि दर वेळी ते त्यांना पहिल्यांदाच कळत असतं. सकाळपर्यंत विसरतात, मी विसरत नाही. खरं सांगितलं तरी तेच, खोटं सांगितलं तरी तेच. त्यांचा हात धरून मी किती वेळा दुसरीकडे वळवू? त्या हातानं जन्मभर मेंढ्यांची डोकी खाजवली आहेत.

परवा आम्ही दोघं गोठ्याच्या फटी बुजवत होतो. नवरा पेंढा दाबत होता, मी फळ्या धरल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, पुढच्या खेपेला शिंगांचा मेंढा आणा."

त्यानं हातोडी खाली घेतली. "शिंगांचा? तारेत अडकून मरायला? अगं, आत्यानंच तर—"

"माहीत आहे."

"मग?"

बाहेर गमबूट फटक फटक वाजत फाटकाकडे चालले होते. कडी वाजली. मग जरा वेळ काहीच नाही. तेवढ्यात त्यांचा हात कुठे असेल ते मला भिंतीपलीकडूनही दिसत होतं. मग आरोळी आली, "कडी लावली गं!"

"ऐकलं!" मी ओरडले. आवाज फाटला माझा.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून हळूच म्हणाला, "अगं, शिंगांचा मेंढा खरंच कडी उचलेल."

"उचलू दे," मी म्हटलं.