अध्यक्षांचा गोल

विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर भेटणारे हे गृहस्थ आधी फुटबॉल खेळत, मग शिकवू लागले आणि शेवटी जिल्हा फुटबॉल संघटनेत मुलांच्या संघांचे तांत्रिक संचालक झाले. पदाबरोबर कोट आला. बूट मात्र खेळायचेच राहिले. रस्त्यात कागदी कप दिसला, की बोलता बोलता ते तो टाचेनं कचऱ्याच्या डब्याकडे सरकवतात.

गेल्या महिन्यात स्पर्धेचं उद्घाटन होतं. संचालकांची मुदतवाढ संघटनेच्या अध्यक्षांच्या सहीसाठी अडली होती. अध्यक्षांच्या भाषणात फुटबॉल सोडून सगळं आलं. मग त्यांनी पेनल्टी मारली. बॉल रांगत गेला आणि गोलकीपरनं अदबीनं त्याला वाट दिली. टाळ्या, फटाके.

तेवढ्यात संचालकांची शिट्टी वाजली.

“बाजूला का झालास रं?”

“सर, कमिटीनं सांगितलं हुतं.”

संचालक अध्यक्षांकडे वळले. “आवं साहेब, परत मारा. पोराला वाईट सवय लागंल.”

दुसरा बॉल पोरानं सहज धरला. टाळी एकट्या संचालकांनी वाजवली.

सही झाली नाही. काल ते गाड्यावर बिनकोटाचे भेटले. मी हळहळलो.

“त्ये जाऊ द्या,” ते म्हणाले, “धरला कसा पोरानं, बगितलं न्हवं?”

आणि पायाजवळचा कप डब्याकडे गेला.