रोडग्यांचा नवस

तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी माझ्या आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला होता. सेलिॲक निघाला तर गहू जन्मभर बंद. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. नांदुऱ्याच्या घरी मी शांतच होतो. आईने मात्र परस्पर नवस बोलून टाकला: रिपोर्ट चांगला आला तर मारुतीला रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे.

मी वैतागलो. "आई, गव्हाच्या दुखण्याले गव्हाचाच नवस? अन् रिपोर्ट वाईट आला तर?"

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तरी रोडगे करीनच. ज्वारीचे. देवाले चालते."

दुपारी जेवायला बसलो तर घरात पोळी केलीच नव्हती. तिच्याही ताटात भाकर होती. रिपोर्टला अजून सहा दिवस होते.