सूर सांभाळणारा सोमा

"सोमा गेला, दादा," खोडाळ्याच्या बाजारात त्याच्या भावानं मला गाठून सांगितलं. मी विचारलं, "कुठला सोमा?"  तो म्हणाला, "तुमचा विनायक." ... महिना होत आला, माझा तो प्रश्न अजून मला घास गिळू देत नाही.

जव्हारच्या आमच्या शाळेचे सगळ्यांत थोर खेळाडू कोण, यावर गावात आजही भांडणं होतात. आट्यापाट्यांचा विषय निघाला की पहिलं नाव विनायकाचं. मधल्या लांब रेषेवर, सुरावर, तो उभा राहिला की पुढे घुसायची कुणाची छाती नसे. ठाण्याच्या संघाला हरवून ढाल आणली ती त्यानंच. पण खरा विनायक त्या साली तापानं अंथरुणाला खिळला होता. सुरावर होता सोमा, शाळेचं गवत कापायला पाड्यावरून येणारा. पटावर नाव नाही त्याला खेळता येत नाही, म्हणून आम्ही त्याला विनायकाचं नाव दिलं आणि सदरा दिला. सदरा सामना संपताच काढून घेतला. नाव मात्र त्याला चिकटवूनच ठेवलं, कारण त्याचं खरं नाव लक्षात ठेवायची आम्हांला गरजच पडली नाही.

डाव सुरू होण्याआधी तो वाकून मातीला हात लावायचा, काहीतरी पुटपुटायचा. मी एकदा चिडवलं, "मंत्र घालतोस काय रे, विनायकराव?"

"धरतरीला सांगतों, मी सोमा हाय. पडलों तं तिनं वलखाया पाहिजे."

आम्ही पोट धरून हसलो.

आज मी वेठीविरुद्ध पत्रकं काढतो. गरिबाला फुकट राबवणाऱ्या कारभाऱ्यांना त्यांत नागडं करतो. आणि आम्ही वेगळं काय केलं? त्याचा खेळच वेठीला धरला! म्हणून आता हेही छापायचं ठरवलं आहे. परवा आमचे जुने गुरुजी म्हणाले, "माणूस गेला. आता छापून काय मिळवणार? ढाल जाईल, शाळेची अब्रू जाईल." जाऊ दे. ढाल सोमाची होती, अब्रू उसनी होती.

काल मैदानावर गेलो. आताच्या संघाचा सुरावरचा गडी डाव सुरू होण्याआधी वाकून मातीला हात लावत होता.

"हे कुणी शिकवलं?"

"सगळेच करतात. विनायक करायचे म्हणे."

"हात लावून काही म्हणायचंही असतं."

"काय?"

"आपलं नाव."

त्यानं मातीला त्याचं सांगितलं. मग मी वाकलो, आणि सोमाचं सांगितलं.