टाळ्यांचं वाक्य

त्या दिवशी नांदेडच्या स्टेजवर शेठचा हात कुठं होता, ते मी पाहिलं होतं. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पत्रकारांना नाही, आणि लातूरला येऊन, समोर बसून ज्या माणसानं मला सरळ विचारलं त्यालाही नाही.

मी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी सूत्रसंचालन करतो. उद्घाटनं, सत्कार, पुढाऱ्यांचे वाढदिवस. घरी माझं बोलणं कमीच. बायको म्हणते, "ह्यांचं तोंड माईक धरल्याशिवाय उघडत नाही." खरं आहे ते. माईक हातात आला की माझ्यातून दुसराच कुणी बोलतो. त्याला शेर पाठ असतात, कुठं थांबलं की टाळ्या पडतात ते कळतं, आणि कुणाला साहेब म्हणायचं, कुणाला नुसतं भाऊ, यात तो कधी चुकत नाही. या दुसऱ्या माणसाची मला आता शिसारी येते. पण तो दुसरा आहे असं म्हणणं हीसुद्धा एक पळवाटच.

नांदेडला साड्यांच्या मोठ्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि पाहुणी म्हणून ती येणार होती. ती मुदखेडच्या बाजूची. वडील रेल्वेत रुळांच्या कामावर होते. आधी तिची मालिका गाजली, मग सिनेमा चालला, आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांना ती एकाएकी आपली वाटायला लागली. चौकाचौकात बॅनर, 'मराठवाड्याची लेक'. पडद्यावर ती "काय करून राहिला रे?" म्हणाली की थेटरात शिट्ट्या पडायच्या. मालिकेत तिनं नेसलेली साडी तिच्याच नावानं विकली जायची, आणि बायकोनं तसली एक मला घ्यायला लावली होती. कटिंगच्या दुकानात आरशाच्या कोपऱ्यात देवाच्या फोटोखाली तिचा फोटो असायचा. हे प्रेम मी जवळून पाहिलंय. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त 'आपली' म्हणताना माणसांच्या तोंडात जी चव असायची ती मला तेव्हा ओळखू आली नाही. आपलं शेत, आपली म्हैस, आपली हिरोइन.

लोक सकाळपासून उन्हात उभे होते. ती आली तेव्हा गर्दीनं बांबूचं कुंपण वाकवलं. "ए माय, इकडं बघ की!" "ताई, एक फोटो!" "आगं, आमी मुदखेडचेच हाव!" तिनं दुकानाचीच साडी नेसली होती, तसं आधीच ठरलेलं. माझ्याकडून माईक घेऊन ती म्हणाली, "काय म्हणता नांदेडकर, बरे हाव ना?" हजार तोंडांतून एकच "हाव!" आला. ती मनापासून हसली. माईक परत देताना मला हळूच म्हणाली, "सर, लई दिवसांनी असं बोलले बघा."

मग फोटो. दुकानाचा मालक, शेठ, तिच्या डाव्या बाजूला. फोटोवाले सगळे समोर, खाली. तिच्या हातात भला मोठा पुष्पगुच्छ. मी मागच्या बाजूला, जरा तिरपा, दोन हातांवर. म्हणून समोरच्यांना जे दिसत नव्हतं ते मला दिसलं.

माझं गाव देवणीकडं. आमच्या जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक वळूच्या पाठीवर हात ठेवून उभं राहतं. भाव बोलतं तिसऱ्याशीच, जनावराकडं बघतही नाही, आणि हात मात्र पाठीवरून, बरगड्यांवरून फिरत असतो. शेठचा हात तसा होता. तोंड कॅमेऱ्याकडं, बोलणं माझ्याशी, "सर, आपल्या नव्या शाखेचं पण सांगा हं," आणि बोटं पदराच्या आत, तिच्या उघड्या कमरेवर. बोटांत अंगठ्या. मनगटात लाल धागा.

तिनं हसतहसत तो हात काढला. तो परत आला. पुन्हा काढला, या वेळी हसू नव्हतं. परत आला तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आमची नजरानजर झाली. मी माझ्या हातातल्या कार्डाकडं पाहिलं. त्यावर पुढच्या सत्काराची नावं होती आणि ती मला पाठ होती.

"हात काढा," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"अहो, घरचीच तर माणसं," शेठ हसत म्हणाला.

तिनं पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला, पायऱ्या उतरली आणि गाडीत जाऊन बसली. बॅनरवर छापलेला नाच नाही, भाषण नाही.  गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली.

"बोला सर," शेठ दातांतून म्हणाला. "काहीतरी बोला, लोकं बघून राहिलेत."

आणि मी बोललो. "जाऊ द्या मंडळी! एकदा मुंबईचं पाणी लागलं..." इथं मी थांबलो, सवयीनं, "...की मराठवाड्याच्या मातीचा वास सहन होत न्हाई!"

टाळ्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. मग हशा, मग "हाय हाय", मग निघालेल्या गाडीवर पाण्याचे पाऊच आणि एक चप्पल. लिहायला लाज वाटते, पण लिहितो: तेव्हा मला बरं वाटलं होतं.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप सगळीकडं गेली. पुष्पगुच्छ ठेवून ती पायऱ्या उतरते आणि वर माझा आवाज. हात त्यात दिसत नाही. लातूरला चहाच्या टपरीवर उभा होतो तर बाकावरच्या माणसाच्या फोनमधून मी बोलत होतो. पलीकडच्या रिक्षातूनही मीच. खालच्या कॉमेंट मी वाचल्या, सगळ्या नाही, पण थांबावंसं वाटेपर्यंत. काल जे "माय" म्हणत होते त्यांनी आज तिच्या अंगाचा एकेक भाग घेऊन लिहिलं होतं. त्या लिहिण्याला घाण म्हणावं तर घाणीचा अपमान होईल.

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाला, "सर, आडनाव बघितलं का तिचं? तरीच म्हणलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिचे वडील बौद्ध. ती आमची होती तोवर आडनाव कुणी विचारलं नव्हतं. मी वर्तमानपत्र उलटलं.

आठवडाभरानं तिनं फोनवर एक साधा व्हिडिओ टाकला. स्टेजवर माझ्याशी गैरवर्तन झालं, म्हणून मी निघाले, आणि तिथल्या एका माणसानं ते पाहिलंय, एवढंच. माझं नाव घेतलं नाही. लोकांनी लगेच धरलं, कोण तो माणूस? येऊ दे की पुढं! एका पत्रकाराचा मला फोन आला. मी म्हणालो, "गर्दी फार होती हो, माझं लक्ष कार्डाकडं होतं." ते छापून आलं. झालं. ती खोटी ठरली.

त्या दिवशी घरी मी भीतभीत बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं, खरं बोलत असेल?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं असलं म्हणून काय? एवढं काय आभाळ कोसळलं? आम्ही न्हाई बसमध्ये सहन करत? आम्ही उतरून जातो का, सांगा बरं."

"कुठल्या बसमध्ये?" मी विचारलं.

तिनं भाजीची परात उचलली आणि आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो प्रश्न मी पुन्हा विचारलेला नाही. त्या हिरोइनच्या नावाची साडी मात्र तिनं जुन्या गाद्यांवर झाकायला काढली.

लोक असे का उलटतात, याचा विचार मी तेव्हापासून करतोय. माज, पैसा, मुंबई ही सगळी तोंडीलावणी. शेठच्या हाताबद्दल गर्दीला ठाऊकच नव्हतं, तरी ती उतरून निघून गेली तेव्हा प्रत्येकाला आपलाच हात झटकल्यासारखं झालं. प्रत्येकाचा एकेक हात तिच्यावर होता, फोटोतून, साडीतून, 'आपली' या शब्दातून. आणि बायकांना राग याचा, की जे त्यांनी गिळलं ते हिनं गिळलं नाही. मीही त्यातलाच. माझ्याकडं फक्त माईक होता.

त्यानंतर मला कार्यक्रम वाढले. उदगीरला, नायगावला, निलंग्याला. मध्येच मागून आवाज यायचा, "सर, ते वाक्य होऊन जाऊ द्या!" मी आधी लाजल्यासारखं करायचो, मग म्हणायचो. थांबायच्या जागी थांबून.

त्याच दिवसांत तिचे वडील कॉलेजात आले. धुतलेला पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. "जयभीम सर," म्हणाले. मी "नमस्कार, नमस्कार, बसा" म्हणालो. कोण ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी उठून स्टाफरूमचं दार लावलं, कुणी ऐकू नये म्हणून.

"मी भांडायला आलो न्हाई," ते म्हणाले. "पोलीस-बिलीस मला करायचं न्हाई. लेक म्हणती, सरांनी बघितलंय. मी तिला म्हणलं, सर मास्तर माणूस हाईत, बघितलं असंल तर सांगतील."

"गर्दी होती हो बाबा."

"स्टेजवर होती गर्दी?"

मी टेबलावरच्या वह्या सारख्या केल्या.

"दोन वर्षांखाली मुदखेडच्या शाळेत तिचा सत्कार झाला. आता त्याच शाळेत पोरं तिची नक्कल करतात. तिची माय किराणा आणायला निघाली की मागून तुमचं वाक्य येतं. लेक दिवाळीला आली न्हाई. म्हणली, बाबा तुम्हीच या हिकडं, मी आता मराठवाड्यात पाय ठेवीत न्हाई." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तुमच्या शब्दाला वजन हाय, सर. एक वाक्य बोलला तर सगळा मुलूख फिरला. तसंच अजून एक वाक्य बोला. फोनमधी बोला. हात होता, एवढंच. लई न्हाई मागत."

मी काय म्हणालो ते इथं तसंच उतरवतो. "बाबा, जे माझ्या लक्षातच आलं नाही ते मी कसं सांगू?"

 त्यांनी पिशवी उचलली. "चहा घेऊन जा," मी म्हणालो. "नको," ते म्हणाले, "गाडी हाय." दार त्यांनी स्वतःच उघडलं.

लोक समजतील, शेठला घाबरलो. तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. शेठ माझं फार तर दोन कार्यक्रमांचं नुकसान करू शकला असता. मला धरून ठेवलं होतं त्या वाक्यानं. खरं बोललो असतो तर ते वाक्य माझ्याकडून गेलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं एखादं वाक्य मागत होते. त्याच रविवारी उदगीरला मी ते पुन्हा म्हटलं. हात हलवून, शेठ हसायचा तसं हसून.

यंदा आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात बारावीतली एक मुलगी नाच अर्धा सोडून स्टेजवरून खाली उतरली. मागच्या रांगांतून पोरांनी एका सुरात सुरू केलं, "मराठवाड्याच्या मातीचा वास सहन होत न्हाई!" बाजूच्या शिक्षकांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. एकानं कोपरानं ढोसलंसुद्धा. मी उठून विंगेत गेलो. ती मुलगी दोन मैत्रिणींच्या मध्ये बसून रडत होती.

"काय झालं, बेटा?" मी विचारलं.

तिनं वर पाहिलं, मला ओळखलं, आणि तोंड फिरवलं. तिची मैत्रीण म्हणाली, "सर, तुम्ही जावा. तुमच्यासमोर न्हाई सांगणार ती."

ती का उतरली ते मला अजून कळलेलं नाही. मला सांगण्यात अर्थ नाही, हे त्या लेकरांना कळलेलं होतं. त्या दिवसापासून माईक घेतलेला नाही. पण त्यात काही मोठेपण नाही. गप्प बसायची सवय तर मला आधीपासूनच आहे.

तिचे वडील मुदखेडलाच असतात. ती अजून येत नाही. मी या लेखात शेठचं नाव लिहिलेलं नाही, तिचं नाही, माझंही नाही, म्हणजे हे लिहून काहीच फिटलेलं नाही. मी देणं लागतो ते हे: त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर, माझ्या चेहऱ्यानिशी, शेठचं नाव घेऊन सांगणं, की हात होता, तिनं तो काढला होता, आणि ती माझ्याकडं बघत असताना मी न बघितल्यासारखं केलं. ते मी अजून केलेलं नाही.