आत्याबाईंची करवंदाची जाळी

करवंदाच्या झुडपावर पोटच्या लेकरासारखी माया करणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली आणि ती नेमकी माझ्याच घरात राहायला यावी, हे माझं नशीब. या माझ्या बायकोच्या आत्याबाई. पिशोरकडच्या डोंगरात शेळ्यांमागे उभा जन्म गेला, मग दोन्ही गुडघे कामातून गेले, म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही त्यांना बजाजनगरला आणलं. येताना त्या कपड्यांची पिशवी विसरल्या, पण करवंदाचं रोप मात्र मांडीवर घेऊन आल्या आणि मला न विचारता फाटकाशीच लावून मोकळ्या झाल्या.

रोपाची पुढं जाळी झाली आणि आमच्या घरचे सगळे नियम तीच ठरवू लागली. फाटकातून आत येताना अंग चोरून आडवं चालायचं. फांदी छाटायची नाही. एका उन्हाळ्यात मला दया आली आणि मी पाइपानं पाणी घातलं, तर दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं. "डोंगरात कोण पाइप धरून उभं राहतं व्हय? लाडानं झाड फळत नसतं, जावईबापू." गावाकडच्या पाहुण्यांनी पेढे आणले नाहीत तरी चालतं, शेळीच्या लेंड्यांचं पोतं मात्र आणावंच लागतं. काट्यांनी माझे तीन शर्ट फाडले, त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. आत्याबाईंचा पदर अडकला की त्या मात्र थांबतात, "काय म्हनतीस?" असं जाळीला विचारतात आणि सावकाश सोडवून घेतात.

वैशाखात करवंदं पिकली की आणखी एक छळ. फळ हातावर ठेवून त्या विचारणार, "कोंबडा की कोंबडी?" आपण सांगायचं, मग अर्धं दातानं तोडून दाखवायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. पन्नाशीच्या माणसानं ऑफिसला जाताना रोज हे करायचं.

यंदा आम्ही गाडी घेतली. ती आत घ्यायची तर फाटक रुंद करायला हवं आणि जाळी तोडायला हवी. भांडणाची तयारी करूनच मी आत्याबाईंना हे सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. एक काळंभोर करवंद तोडून माझ्या हातावर ठेवलं. "तुमीच फोडा. कोंबडा निघाला तर तोडा, मी काय बोलनार नाय." आणि तोंड फिरवून जाळीकडे बघत राहिल्या. "डोंगर तर आता चढनं व्हत नाय मला," हे त्या मला म्हणाल्या की जाळीला, कळलं नाही.

मी अर्धं करवंद तोडलं. आत लालभडक होतं. उरलेलं अर्धंही मी घाईघाईनं तोंडात टाकलं आणि म्हणालो, "कोंबडी."

आत्याबाईंनी माझ्या लाल झालेल्या ओठांकडे नीट पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "कोंबडीच हाय."

गाडी आता रस्त्यावर, उन्हात उभी असते आणि मी अजून आडवाच घरात शिरतो. त्याचं काही नाही. पण त्या दिवसापासून आत्याबाई करवंद नुसतंच हातावर ठेवतात, काही विचारत नाहीत. त्यांनी विचारावं, असं मला फार वाटतं.